अळीचा मोठा फोटो

निर्मलाबाईला भीती वाटायला फारसं कारण लागत नसे. विहिरीत वाकून पाहायची भीती, रेल्वेच्या शिट्टीची भीती, दावं तोडलेल्या बैलाची भीती. नवी नवरी होऊन मुर्री गावात आली, तेव्हा एका बेडकाला भिऊन परसातून धावत घरात शिरली आणि सासूनं कपाळावर हात मारून घेतला. अशा बाईनं पुढे अळ्या पाळल्या, आणि नुसत्या पाळल्या नाहीत तर त्यांचे फोटो काढले, हे कोणाला सांगितलं तर तो आपल्यालाच वेड्यात काढील. पण झालं ते असंच.

परसात कुंपणाला लागून निंबूचं झाड होतं. एका सकाळी कोवळी पानं कुरतडलेली दिसली, म्हणून ती काडी घेऊन अळी पाडायला गेली. हिरवीगार, बोटाएवढी अळी. काडी लागली मात्र, अळीनं डोकं उचललं, मानेतून दोन लाल शिंगं बाहेर काढली आणि असा उग्र वास सोडला की निर्मलाबाईनं पदर नाकाला लावला. एरवी ती तिथून पळालीच असती. पण तिला दिसलं की शिंगं काढलेली ती अळी थरथरत होती. शिंगं, वास, पाठीवरचे ते मोठाले डोळे, सगळं सोंग होतं. डोळे तर डोळेही नव्हते, नुसते ठिपके. आत निव्वळ भीती. आपल्याइतकं घाबरट या जगात आणखी कोणीतरी आहे, हे पाहून तिला केवढं तरी बरं वाटलं. तिनं ती फांदी तोडली, पाण्याच्या गडव्यात खोचली आणि वर टोपली झाकली.

तिचे यजमान केशोराव गोंदियाला स्टेशनाजवळ फोटोचं दुकान चालवत. लग्नाचे जोडफोटो काढायचे, आणि कोणाचा म्हातारा गेला की त्याचा फोटो मोठा करून, चौकट घालून द्यायचा, हे त्यांचं काम. आसपासच्या गावांत भिंतीवर हार घातलेला जो कोणी दिसे, तो केशोरावांच्या हातून गेलेला असे. माणूस हौशी आणि बोलण्यात शूर. बायकोचं अळ्यांचं वेड पाहून त्यांनी दुकानातला जुना, भात्याचा कॅमेरा तिला आणून दिला आणि जवळचं नीट दिसावं म्हणून पुढे एक भिंग बांधून दिलं. उजेडासाठी निर्मलाबाई बाजूला पांढरं धोतर वाळत घाले, वारा पडायची वाट पाही आणि मग श्वास धरून खटका दाबे. पिटुकल्या, पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या, कात टाकणाऱ्या अळ्या, स्वतःला धाग्यानं फांदीशी बांधून घेतलेले कोष, आणि शेवटी कोषावर ओले पंख वाळवत बसलेलं काळं फुलपाखरू. कॅमेऱ्यामागे गेली की तिचा हात कापत नसे.

“तुह्या अळ्या गिऱ्हाइकायपेक्षा बऱ्या,” केशोराव म्हणत. “बसवलं तशा बसते. मिशीवरून हात नाई फिरवत.”

हे सगळं पाहायला शेजारच्या सुलोचनाबाई रोज येत. कुंपणाला एक खिंडार होतं, तोच त्यांचा रस्ता. सुलोचनाबाई म्हणजे उदारामची बायको. उदाराम गावातला भारदस्त शेतकरी, धानाच्या सगळ्यात मोठ्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्याच्या. निर्मलाबाईला मूलबाळ नव्हतं. सुलोचनाबाईंची लेक नंदा या खिंडारातूनच ये-जा करत मोठी झाली आणि लग्न होऊन सासरी गेली. सुलोचनाबाईंनी टोपलीत डोकावावं, “निर्मले, तू बी अजबच हाय वो,” म्हणावं आणि पाटावर बसून चहा प्यावा. मुर्रीत निर्मलाबाईला आपलं म्हणावं असं हे एकच माणूस होतं. ते तुटलं असतं तर तिनं करायचं काय, हा विचार तिनं कधी केला नव्हता. करावा लागेल असं वाटलंही नव्हतं.

छप्पन सालच्या श्रावणात उदारामच्या बांध्यांत अळी पडली. सकाळी हिरवं असलेलं रान संध्याकाळी बोडकं दिसू लागलं. एक बांधी संपली की अळ्यांची फौज मधल्या धुऱ्यावरून दुसऱ्या बांधीत उतरे. माणसं राख टाकून थकली, रॉकेल टाकून थकली. देवाला नारळ झाले. आणि मग कोणाच्या तरी तोंडून निघालं की गावात एक घर असं आहे, जिथे अळ्यांना पानं खाऊ घालतात.

निर्मलाबाईला हे कोणी सांगितलं नाही. ती विहिरीवर गेली, तेव्हा बोलत असलेल्या बायका एकदम गप्प झाल्या. त्यांनी तिच्यासाठी जागा केली, पण जरा जास्तच केली. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका लेकराला आईनं दंडाला धरून घरात ओढलं आणि दार लावलं. त्याच्या पुढच्या दिवशी निर्मलाबाई परसात गेली, तर कुंपणातलं खिंडार बोरीच्या काट्यांनी बुजवलेलं होतं. काटे तिकडच्या बाजूनं खोचले होते. ती कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली. 

पोळा दोन दिवसांवर आला असताना सुलोचनाबाई काट्यांपलीकडे येऊन उभ्या राहिल्या. इकडेतिकडे बघत हळूच बोलल्या.

“निर्मले, फेकून दे त्या अळ्या.”

“ताई, त्या धान खातच नाई. निंबूचं पान नसलं तं मरते, पन दुसरं काई तोंडात घेत नाई. मी धानाचं पातं ठेवून पायलं.”

“मले कायले सांगते? मले समजते. पन लोकं टोनही म्हनून राहिले तुले.”

निर्मलाबाईच्या हातातला गडवा खाली पडला. टोनही म्हणजे करणी करणारी बाई. असं नाव पडलेल्या एका बाईला आमगावकडच्या कुठल्याशा खेड्यात मुंडण करून वेशीबाहेर घालवल्याचं तिनं लहानपणी ऐकलं होतं. ती बाई पुढे कुठे गेली, हे सांगणारा कोणी नव्हता.

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीले, तुह्या दारात येनार हायेत,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “रोगराईसंगं तुलेबी गावाबाहेर नेऊ म्हनते. आमच्या घरचेच सगळ्यात पुढं हायेत वो. मी काय करू?” आणि डोळ्यांना पदर लावून त्या घरात गेल्या.

निर्मलाबाईला वाट सुचेना. अळ्या फेकाव्यात तर फेकताना कोणी पाहील आणि म्हणेल, बघा, लपवून राहिली. माहेरी गोरेगावला निघून जावं तर म्हणतील, पळाली म्हणजे खरंच असलं पाहिजे. तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. दारावरून कोणाच्या वहाणा वाजल्या की ती भिंतीला पाठ लावून उभी राही.

केशोराव मात्र पेटले. “डरने का क्या काम है?” ते म्हणाले. “लोकायनं अळी कधी नीट पायलीच नाई. आपन दाखवू. निंबूवरची वेगळी, धानावरची वेगळी. आंधळ्यालेबी दिसन एवढा मोठा फोटो करतो.”

“नोका करू,” निर्मलाबाई म्हणाली. का नको, ते तिला सांगता येईना. नुसती भीती वाटत होती, आणि तिची भीती घरात कोणी मनावर घेत नसे.

केशोरावांनी तिच्या फोटोंतला सगळ्यात चांगला निवडला. अळीला काडी लावून, शिंगं बाहेर काढून समोरून घेतलेला. दुकानात तो बारा बाय पंधरा इंचांच्या कागदावर मोठा केला आणि कागद वाकू नये म्हणून हाताशी होती ती चौकट घातली. काळी, सोनेरी काठाची. तो फोटो धोतरात गुंडाळून पोळ्याच्या दिवशी ते आखरावर घेऊन गेले. आखर म्हणजे गावची गुरं जमायची मोकळी जागा. तोरणाखाली बैल ओळीनं उभे होते, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. निर्मलाबाई बायकांच्या मागे, एकटीच, वडाच्या आडोशाला उभी राहिली. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या, तसे केशोराव पुढे झाले आणि त्यांनी धोतर बाजूला केलं.

 बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या.

चौकटीतून जे बघत होतं त्याचं तोंड माणसाएवढं होतं. दोन बटबटीत डोळे, आणि त्यांच्या पुढे दोन फाकलेली काळी शिंगं. हिरवा रंग फोटोत कुठून येणार? सगळं काळं, करडं आणि ओलं दिसत होतं. पुढच्या ओळीतली एक बाई मटकन खाली बसली.

बकाराम नावाचा म्हातारा शेतकरी काठी टेकत जवळ आला. “केशोराव, हा केवढा हाय जी?”

“येवढासा!” केशोरावांनी बोट दाखवलं. “बोटायेवढा. हा बडा करके निकाला है.”

बकारामनं फोटोकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं. “माह्या बाचा फोटू तुमीच करून देला,” तो म्हणाला. “याच कागदावर, अशाच चौकटीत. बाचं तोंड जेवढं होतं तेवढंच आलं. राईभर कमी नाई, जास्त नाई. मंग ह्याचंच तोंड कसं वाढलं?”

केशोरावांनी चौकट खाली टेकवली. भिंगाचं, कागदाचं काहीतरी सांगू लागले, मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत घसरू लागले, पण ऐकतंय कोण? या गावात फोटो म्हणजे भिंतीवरचे वाडवडील, आणि ते होते तेवढेच दिसत. फोटो खोटं बोलत नाही, हे केशोरावांनीच घरोघरी सांगून ठेवलेलं. लोक मागे सरकले. मग सगळे वळले आणि वडाखाली उभ्या असलेल्या निर्मलाबाईकडे पाहू लागले. तिला वाटलं, आत्ताच धरतील. कोणी धरलं नाही. तिच्या घरापर्यंतची वाट मात्र आपोआप मोकळी झाली, आणि त्या वाटेनं ती पडत-धडपडत घरी आली.

मारबतीची सकाळ उजाडली. दारोदार ठेवलेल्या पळसाच्या डहाळ्या गोळा करत, रोगराई घेऊन जा म्हणून मारबतीला हाका घालत लोक निघाले. आवाज गल्लीच्या तोंडाशी आला. केशोरावांचं शूरपण केव्हाच आटलं होतं. ते दाराला पाठ लावून बसले होते. निर्मलाबाईनं गाठोडं छातीशी धरलं होतं. केस कापतील का, मारतील का, की नुसतं हाकलतील? हाकललं तर चालेल, असं ती देवाला सांगू लागली. नुसतं हाकलू दे.

आवाज जवळ आला, अगदी दाराशी आला, आणि बंद झाला.

फटीतून निर्मलाबाईला दिसलं. सगळ्यात पुढे उदाराम होता. त्यानं पायातल्या वहाणा काढल्या होत्या. त्याच्यामागच्या माणसांनीही. खाली मान घालून त्यानं उंबऱ्यावर नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि दाराकडे पाठ न करता मागे सरकला. मग ते सगळे पावलांचा आवाज न करता पुढे गेले. चार घरं ओलांडल्यावर हाका पुन्हा सुरू झाल्या.

केशोराव खदखदून हसले, आणि हसता हसता रडले. “वाचलो,” ते म्हणाले. “बाई, वाचलो आपन!” निर्मलाबाईलाही रडू आलं. तिनं त्याच दिवशी टोपली उघडली आणि अळ्या एकेक करून झाडावर नेऊन ठेवल्या. कॅमेरा दुकानात परत गेला.

पोळ्यानंतर झोडपून पाऊस झाला, बांध्या भरल्या, बगळे उतरले आणि धानावरची अळी गेली. जायची तशीच गेली. पण गावानं अर्थ लावला की ती निर्मलाबाईच्या शब्दानं आली आणि तिच्याच शब्दानं गेली. विहिरीवर निर्मलाबाई आली की बायका बादल्या उचलून तिला आधी पाणी भरू देत. दूधवाला धारेचं पहिलं दूध तिच्या दारात आणून देई. टोनही हा शब्द पुन्हा कोणी तोंडातून काढला नाही. तिच्याशी भांडलं नाही, तिची थट्टा केली नाही आणि तिच्या घरी चहाही प्यायलं नाही. पूर्वी तिला सगळ्या जगाची भीती वाटायची. आता समोरच्याच्या डोळ्यांत ती आपलीच भीती बघायची, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं.

कार्तिकात नंदा बाळंतपणाला आली आणि तिला मुलगा झाला. निर्मलाबाईनं राहवेना म्हणून झबलं शिवलं. बोलावणं आलं नव्हतं, तरी एका संध्याकाळी ती सुलोचनाबाईंच्या दारात गेली. खिंडारात अजून काटे होते म्हणून रस्त्यानं वळसा घालून गेली.

सुलोचनाबाई लगबगीनं उठल्या. “या, या निर्मलाबाई. तुमी कायले तकलीफ घेतली?” त्यांनी पाट मांडला, पाटावर चादर घातली. इतक्या वर्षांत त्या तिला कधी तुम्ही म्हणाल्या नव्हत्या. झबलं त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि दूर कोनाड्यात ठेवलं.

“ताई, पाहू दे नं लेकरू,” निर्मलाबाई म्हणाली.

नंदानं आईकडे पाहिलं. सुलोचनाबाईंनी पुढे होऊन बाळाच्या तोंडावर पदर ओढला. 

“झोपला हाय जी,” त्या म्हणाल्या. “त्याच्या डोऱ्यायले उजेड सहन होत नाई.”

खोलीत अजून दिवा लागला नव्हता.