उजव्या हातावरची मोकळी जागा

प्लंबरचा डावा हात म्हणजे त्याची वही. पाइपांची लांबी, वायसरचे आकार, तोट्या किती, सगळं बॉलपेनने मनगटापासून कोपरापर्यंत. संध्याकाळी तो घरी आला की मुलगी तो हात टेबलावर ओढून घेई, आकडे कागदावर उतरवी आणि त्याच्या अक्षराला नावं ठेवी. मुलगी बायकोच्या पहिल्या लग्नातली. हे दुसरं लग्न झालं तेव्हा ती सात वर्षांची होती, आता एकोणीस. ती त्याला काका म्हणते. तिच्या पाठीवर झालेले जुळे त्याला बाबा म्हणतात, तेही काही हवं असेल तरच.

पन्नाशीला या गृहस्थाच्या डोक्यात लांडगे शिरले. उजव्या हातावर लांडग्यांचं कुटुंब गोंदवायचं. झुरळ दिसलं की स्टुलावर चढणारा माणूस लांडगा कसला, असं बायकोने विचारून पाहिलं; पण ऐकतो कोण?

टॅटूवालीने त्याला अर्थ समजावला होता. नर म्हणजे राखण, मादी म्हणजे घर धरून ठेवणारी, पिल्लं म्हणजे पुढची वाट. प्लंबरने जन्म जंगलात काढल्यासारखी मान डोलावली. पिल्लं किती, म्हटल्यावर मात्र त्याची जीभ अडखळली. मुलीचा बाप हयात होता, तिच्या वाढदिवसाला न चुकता फोन करायचा. तिला न विचारता तिला आपल्या कातडीवर बसवायचं म्हणजे आगाऊपणाच. आणि विचारलं, नि ती नुसतीच हसली तर? बारा वर्षांत असं काही विचारायचा त्याचा धीर झाला नव्हता. शेवटी तो म्हणाला, दोन पिल्लं काढा, मधे जरा जागा सोडा.

ठरल्या दिवशी मुलगी सोबत आली. काका सुई बघून आडवे झाले तर उचलायला कुणीतरी हवं, असं तिचं म्हणणं. टॅटूवालीने हातावर जांभळा छाप उठवला. मुलगी वाकून बघत राहिली.

"ही मधे जागा कशाला?"

"मापं लिहायला," प्लंबर म्हणाला.

"उजव्या हातावर?"

प्लंबर छताकडे बघू लागला.

"काका, डाव्या हाताने तुम्हाला चहासुद्धा ढवळता येत नाही."

आता मात्र छतावरही बघण्यासारखं काही उरलं नाही. मुलगी पुन्हा त्या मोकळ्या जागेवर वाकली. मग टॅटूवालीकडे वळली.

"इथे अजून एक पिल्लू घाला. कान जरा बाहेर आलेले, माझ्यासारखे. आणि त्या दोघांपेक्षा मोठं हं, थोरली आहे मी."

प्लंबरने डोळे पुसले. सुई फार टोचते हो, अशी त्याने तक्रार केली. मशीनची वायर अजून बोर्डात खुपसायची होती.

नवा छाप तयार होईपर्यंत मुलीने त्याच्या खिशातलं बॉलपेन काढलं आणि डाव्या हातावर, तोट्यांच्या यादीखाली, सुरेख अक्षरात लिहिलं: लांडगे, पाच नग.

उजवा हात दोन दिवस जपा, असं टॅटूवालीने बजावून पाठवलं. प्लंबरने दोन दिवस डाव्या हाताला पाणी लागू दिलं नाही.