भुताच्या पत्रकाखाली बाबांचं नाव

मला पहिलं जोडाक्षर वाचता आलं ते 'धिक्कार'मधलं. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं उशिरा आली, पत्रकं आधीपासून होती. पलंगाखाली गठ्ठे, कपाटावर गठ्ठे, आणि आई भाजी निवडायची तीसुद्धा जुन्या पत्रकावर. बाबा शिरवणे गावाच्या पलीकडे, रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. सुट्टीच्या दिवशी ते खांद्याला पिशवी लावून निघायचे. पिशवीत एक नारळ, चार लिंबं, चाकू आणि औषधांच्या दोन बाटल्या असायच्या. वस्तीत, चाळीत, गावातल्या देवळापुढच्या ओट्यावर ते भगताचे चमत्कार करून दाखवायचे. नारळ आपोआप पेटायचा, लिंबू कापलं की रक्त यायचं. मग ते कसं केलं हे समजावून सांगायचे आणि पत्रक वाटायचे.

पत्रकाबद्दल त्यांचा एकच नियम होता. "खाली नाव नसलेलं पत्रक म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड."

असल्या घरात वाढलेली मी, अकरावीत असताना भुताच्या सिनेमांच्या नादी लागले.

दोष सारसोळ्याच्या कॅसेटवाल्या दादांचा. खाडीकाठच्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती. मैत्रिणीबरोबर मी तिथे सहज म्हणून गेले आणि दुकानातल्या टीव्हीवर चाललेला सिनेमा संपेपर्यंत उभीच राहिले. तो ज्याने काढला होता, त्याचं नाव तेव्हा कुणी फारसं घेत नसे. पण आपल्याकडच्या पडद्यावर भुताला धुक्यातून आणि गाण्यातून बाहेर काढून ट्यूबलाइटच्या उजेडात, स्वयंपाकघरात आणून बसवलं ते त्यानेच पहिल्यांदा. शेवटी 'ते भूत नव्हतंच, दिवाणजी होता' असली पळवाटही त्याने कधी ठेवली नाही. त्याचं भूत शेवटपर्यंत भूतच राहायचं.

मला आवडलं ते आणखी वेगळं. त्याची भुतं न्यायी होती. भिंतीत चिणलेला गडी मालकाला शोधत यायचा, विहिरीत ढकललेली मोलकरीण वाड्याच्या धन्यालाच धरायची. मी वहीत यादीच केली होती. एकाही सिनेमात भुताने गरिबाला त्रास दिला नव्हता.

दुकानात दुपारी आमचा चार-पाच जणांचा कंपू जमायचा. दादा, आमच्या सोसायटीतले दोन निवृत्त कारकून, मी, आणि दारात जाळं विणत बसलेली दादांची आई. ती भुताच्या बाजूने असायची. मालक पळायला लागला की ओरडायची, "धर मेल्याला! सोरू नको!"

दादा मला चिडवायचे. "तुजा बापूस भूतां पलवतो, आनि पोरगी भूतां घरा नेते!"

"घरी नाही नेत. इथंच बघते."

"म्हंजे बापसाला ठाव नाय."

नव्हतंच ठाऊक.

मग एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी. त्यांनी एक जुना सिनेमा मागितला. दादा म्हणाले, सभासद व्हावं लागेल, नाव सांगा. म्हाताऱ्यांनी नाव सांगितलं. दादांचं पेन पहिल्या अक्षरावरच थांबलं.

"म्हंजे... भुतांचे सिनेमे काढनारे, तुमी ते?"

"हो, मीच तो," म्हातारे जरा संकोचून म्हणाले. "वाशीला मुलीकडे राहतो हल्ली. माझ्याकडची कॅसेट कुणीतरी नेली, परत नाही आणली. नातवाला दाखवायची होती."

दादांनी रजिस्टर मिटलं. "आपल्याच पोराला भेटायला पास लागतो काय?" म्हणत त्यांनी कॅसेट दोन्ही हातांनी पुढे केली. आत जाऊन त्यांनी शर्टसुद्धा बदलला, हे मला आजही आठवतं.

त्याच आठवड्यात ठरलं, सत्कार करायचा. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी चार वाजता. आधी त्यांचा सिनेमा, मग शाल-श्रीफळ. पत्रक कोण लिहिणार हा प्रश्नच आला नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी ते एका बैठकीत लिहिलं. 'बंधू-भगिनींनो!!!' अशी सुरुवात केली. पुढे लिहिलं की ज्यांनी या कलावंताला हलका म्हटलं त्यांनी त्याचा एक तरी सिनेमा पाहिला आहे काय, आणि 'याच्या एकाही भुताने आजवर गरिबाच्या अंगाला हात लावलेला नाही!!!' मला अजूनही ते पत्रक वाईट वाटत नाही. खाली सही करायची वेळ आली तेव्हा मात्र मी थांबले. माझ्या नावापुढे बाबांचं नाव, त्यापुढे आडनाव. ते आडनाव चमत्कारांविरुद्धच्या शंभर पत्रकांखाली छापलं गेलं होतं. मी खालची जागा मोकळी ठेवली आणि कागद शिरवण्याच्या छापखान्यात देऊन आले. परीक्षा होती, म्हणून प्रूफ बघायलाही गेले नाही. बांधलेला गठ्ठा उचलला तो तसाच दादांच्या दुकानात ठेवला. दादांनी प्रत्येक कॅसेटच्या डब्यात एकेक पत्रक घातलं. उरलेली त्यांच्या चुलतभावाने एपीएमसी मार्केटात भाजीबरोबर वाटली.

बुधवारी संध्याकाळी बाबा घरी आले. चहाच्या कपाशेजारी त्यांनी ते पत्रक ठेवलं आणि त्याच्यावर लिंबू-मिरचीची एक माळ.

"कंपनीतल्या कपाटाला बांधली होती माझ्या," ते म्हणाले. "कँटीनमध्ये सगळे उठून उभे राहिले. म्हणे, या महाराज."

मी पत्रक उचललं. सगळं माझंच होतं, आणि खाली, मी सोडलेल्या मोकळ्या जागेत, ठळक अक्षरांत बाबांचं नाव. त्याच्याखाली त्यांची नेहमीची ओळ, 'अंधश्रद्धेविरुद्ध लढणारा एक कामगार'.

छापखान्यातल्या काकांनी बाबांच्या नावाचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, कधी वेगळे केलेलेच नव्हते. बाबांचं नाव आणि ती ओळ इतक्या वेळा छापावी लागे की त्यांनी ती जुळवलेलीच, दोऱ्याने बांधून फळीवर ठेवलेली होती. दर वेळी मजकुराखाली लावायची आणि छापायचं. आमच्या घरून आलेलं पत्रक नावाशिवाय कसं जाईल? पोरगी विसरली असेल असं वाटून त्यांनी आपणहून दुरुस्ती केली होती.

"बाबा, तुमचं नाव मी नाही टाकलं."

"ते कळलं मला. तीन-तीन उद्गारचिन्हं मी देत नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण मग तुझं कुठंय?"

मी पत्रकाची घडी घालायला लागले. आई कणीक मळत होती, तिचा हात थांबला.

"वस्तीतली एक बाई," बाबा म्हणाले, "गेल्या पावसाळ्यात पोरीला तापात भगताकडे नेत होती. माझ्या शब्दावर ती डॉक्टरकडे गेली. पुस्तक नाही दिलं मी तिला, सायन्स नाही शिकवलं. फक्त पत्रक दिलं, खाली माझं नाव होतं. उद्या तिच्या हातात हे पडलं तर ती काय समजेल, सांग."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "कार्यक्रम रद्द करते."

"म्हाताऱ्या माणसाला बोलावलंयस ना? मग रद्द कसला करतेस? खुलासा काढ. तुझ्या नावानं. वस्तीत मी स्वतः नेऊन देईन, आणि रविवारी तू तिथं उभं राहून वाच."

"तुम्ही याल?"

"माझ्या नावाचं आमंत्रण गेलंय गावभर," बाबा म्हणाले. "यजमानच नको का?"

आई पटकन पाठमोरी झाली. हसली असावी.

खुलासा चार ओळींचा होता. मोठं पत्रक मी तासाभरात लिहिलं होतं, या चार ओळींना दोन दिवस लागले. काकांनी माझ्या नावाचे खिळे पहिल्यांदा जुळवले आणि मला दोनदा विचारलं, "नक्की ना गं? आता काही मनानं घालत नाही बाई मी."

रविवारी हॉलच्या खिडक्यांना सोसायटीतल्या चादरी लावल्या होत्या. त्यातली एक फुलाफुलांची आणि विरलेली होती, त्यामुळे समोरच्या भिंतीवर गुलाब पडले होते. बाहेर लख्ख ऊन, आत सत्तर माणसांचा उकाडा. पहिल्या रांगेत पाहुणे, त्यांच्याशेजारी त्यांची मुलगी. बाबा मुद्दाम मागे, दाराजवळ हाताची घडी घालून उभे.

मी टीव्हीशेजारी उभी राहिले आणि वाचलं. "सत्काराचं पत्रक माझ्या वडिलांनी लिहिलेलं नाही. ते मी लिहिलं. खाली नाव द्यायला मी घाबरले, आणि त्या मोकळ्या जागेत चुकून त्यांचं नाव छापलं गेलं. भूत असतं असं ते मानत नाहीत, मीही मानत नाही. हा सत्कार भुताचा नाही, सिनेमाचा आहे." शेवटी माझं नाव वाचलं.

दादांची आई मोठ्याने म्हणाली, "बरा झाला. आता लाव कॅसेट."

सिनेमा सुरू झाला. माझं निम्मं लक्ष दाराकडे होतं. मालकाच्या घरी मांत्रिक येतो तो प्रसंग आला. ट्यूबलाइटच्या उजेडात ओट्यावर लिंबू ठेवलेलं, चाकू फिरतो आणि लिंबातून रक्ताची धार लागते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबवा!"

बाबा माणसांतून वाट काढत पुढे येत होते. आता हे भाषण करणार, त्या म्हाताऱ्या माणसासमोर.

"जरा मागं घ्या," ते दादांना म्हणाले.

"काय?"

"लिंबू. लिंबू परत दाखवा."

दादांनी कॅसेट मागे घेतली. लिंबू पुन्हा कापलं. बाबा टीव्हीच्या काचेला नाक लावून वाकले. "परत."

"अहो, बसा की खाली!" लोक ओरडायला लागले. "लिंबू घरी जाऊन कापा!"

तिसऱ्यांदा बघून बाबा वळले आणि पाहुण्यांसमोर चक्क उकिडवे बसले. "साहेब, चाकूला काय लावलं होतंत? मी मिथिल ऑरेंज लावतो, लिंबाच्या आंबटानं ते लाल होतं. पण इतकं लाल होत नाही हो. धार तर सुटतच नाही."

पाहुण्यांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहराच बदलला. "चाकूला काही नाही. बीट. बिटाचा रस काढायचा आणि इंजेक्शनच्या सुईनं देठाजवळून आत भरायचा. भोकावर मेण. तुम्ही मिथिल ऑरेंज वापरता? लोकांसमोर, इतक्या जवळून?"

"चार हातांवरून."

"चार हातांवरून! आम्हाला कॅमेऱ्याला एका बाजूनंच फसवायचं असायचं. तुम्हाला चहूबाजूंनी."

बिचाऱ्या मालकाला भुताने धरेपर्यंत दोघं कुजबुजत होते. त्यांच्या मुलीने उठून बाबांना आपली खुर्ची दिली.

शाल बाबांनीच घातली. नारळ हातात दिला तेव्हा पाहुण्यांनी तो कानाशी हलवला. "पेटायचा नाही ना?" बाबा इतके हसले की त्यांना बोलायला वेळ लागला.

"भूत नाही," ते लोकांना म्हणाले. "हे मी काल सांगत होतो, उद्याही सांगणार. पण ते इतक्या मेहनतीनं बनवणारा माणूस आहे, आणि तो आपल्यासमोर बसलाय. आमच्या मुलीनं याला बोलावलं, हे चांगलं केलं."

पाहुणे फार बोलले नाहीत. आजवर लोकांनी त्यांना भुतं खरी असतात का एवढंच विचारलं, बीट कुणी विचारलं नव्हतं, असं म्हणाले. मग त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं. मी कान टवकारले.

"मुलीनं लिहिलंय, माझ्या भुतांनी गरिबाला कधी त्रास दिला नाही. छान वाटलं वाचून. पण खरं सांगतो, झोपडीत आमचा कॅमेरा मावत नसे. बंगल्यातच शूटिंग करावं लागे, आणि बंगल्यात मालकच राहणार."

हॉल हसला. मीही हसले, पण बसल्या जागेवरून म्हटलं, "तरी ते पत्रकात राहू दे. सिनेमात तसं दिसतं."

"राहू दे," ते म्हणाले. "तुझं नाव आहे ना आता खाली?"

त्यानंतर बाबांच्या पिशवीतून औषधाची एक बाटली गेली आणि बीट आलं. कार्यक्रमात लिंबू कापून झालं की ते सांगायचे, "ही युक्ती मला भुताचे सिनेमे काढणाऱ्या माणसानं शिकवली. भगतानं विचारलं तर त्यालाही सांगा." वस्तीतल्या त्या बाईला त्यांनी खुलासा वाचून दाखवला. तिने सिनेमा कुठे बघायला मिळेल असं विचारलं, म्हणाले.

दोन महिन्यांनी सोसायटीच्या पाण्यावरून मी पुन्हा पत्रक लिहिलं. छापखान्यात काकांनी फळीवरून दोन जुळण्या काढून समोर ठेवल्या. बाबांची जुनी, काळी पडलेली. शेजारी दुसरी, नव्या दोऱ्याने बांधलेली. माझं नाव त्यांनी मोडलं नव्हतं.

"कुठली लावू?"

"माझी," मी म्हटलं.

प्रूफ या वेळी मीच घरी आणलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं, खालच्या नावापर्यंत गेले, आणि पेन्सिलीने प्रत्येक ठिकाणची दोन-दोन उद्गारचिन्हं खोडली.