गणपतीमागची प्रभावळ

विजेवर चालणाऱ्या वस्तूंची माझ्या आत्याइतकी बडदास्त ठेवणारी बाई उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांत दुसरी सापडायची नाही. मिक्सरला ती दुपारी विश्रांती देते. फ्रिज घरघरला की त्याला सर्दी झालीय म्हणून दार हळू लावायला सांगते. एकदा टेबलफॅनला माझा पाय लागला आणि मी नमस्कार केला नाही, तर तिने मला उठवून लांब बसवलं. "त्याचा मन नाय आता तुना वारा घालाचा," म्हणाली.

उल्हासनगरात कॅम्प पाचला तिच्या घराच्या पुढच्या खोलीत भरतकामाचं मशीन आहे. संगणकातून नक्षी जाते, मशीन ती कापडावर उतरवतं. काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी घेतलेलं. ते गेल्यावर आत्याच चालवते. शेजारच्या सिंधी बायका ओढण्या घेऊन येतात, ही त्यांच्याशी हिंदी, सिंधी आणि आगरी एकाच वाक्यात बोलते, आणि त्यांना सगळं कळतं. तिच्या मुलाला मात्र हे पटत नाही. बदलापूरला खरवईत त्याचा लिफ्टवाला फ्लॅट आहे. "आई, मशीन बंद पडलं की तू खरवईला. बास," असं त्याने बजावलं होतं, आणि मशीन बंद पडणारच नाही या भरवशावर हिने "बरा" म्हटलं होतं.

यंदाच्या पावसाळ्यात संगणकच खरखरायला लागला.

आमच्या घराण्यात सगळे भात लावणारे, कॉलेजात गेलेला मी पहिला. बीएस्सी आयटी. हे मी कुठेही छाती काढून सांगतो. मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कची मी नव्या डिस्कवर नक्कल उतरवली आणि ती संगणकाच्या नव्या डब्यात बसवली. संगणक सुरू झाला, काकांच्या नक्ष्या जागच्या जागी दिसल्या. पण नवा डबा कुणालाच ओळखेना. आवाज नाही, प्रिंटर नाही, पडद्यावर एकेका नावाशी पिवळं उद्गारचिन्ह.

"हलद लावली का रं समद्यांना?" आत्याने विचारलं.

"ड्रायव्हर नाहीत, आत्या. ड्रायव्हर म्हणजे यंत्राशी बोलणारा दुभाषा."

"मंग मी बोलते ना."

एकेक ड्रायव्हर नेटवरून उतरवत मी पिवळी चिन्हं घालवली. आवाज आला, प्रिंटर हलला. उरलं शेवटचं, भरतकामाच्या मशीनचं. त्याची फाइल नेमकी जुन्या डिस्कच्या सडक्या भागात होती, त्यामुळे नकलेतही ती फाटकीच आली. नेटवर मिळेना, बनवणाऱ्यांनी धंदाच गुंडाळलेला. तेवढ्यात मुलाचा फोन आला, "टेम्पो कधी पाठवू?"  आत्याने मशीनवर चादर घातली आणि दिवेलागण झाली म्हणून देव्हाऱ्यात निरांजन लावलं.

भिंतीवर इंद्रधनुष्य नाचलं! गणपतीमागची ती चकचकीत गोल प्रभावळ मी वर्षानुवर्षं पाहत होतो, नमस्कारही करत होतो.

"आत्या, ही प्रभावळ कुठून आणलीस?"

"आनते कशाला? मशीनसंगती आली. तुजे काका बोलले, हिच्याबिगर मशीन मुकी, हिला जप. देवापरीस जपनारा कोन हाय?"

ड्रायव्हरची सीडी! पण देवाचं तेज काढायला आत्या तयार होईना. शेवटी मागे स्टीलची नवी ताटली उभी करून तिने गणपतीला समजावलं, "जरा वेल हां देवा, कामाचा हाय." मी सीडीवरचं कुंकू, तेल, धूर हलक्या हाताने पुसलं आणि जुन्या डब्यातला सीडीचा खण नव्याला जोडला. सीडी गरगरली, अडखळली, पुन्हा गरगरली. पिवळं चिन्ह गेलं. चादर उडाली, मशीनने ठेका धरला आणि काकांच्या हातची जास्वंद पाकळी पाकळीने कापडावर उमटली. मी खोलीभर नाचलो. आत्याने मुलाला फोन लावला, "टेम्पो पाठव रं! तुजा जुना सोफा घालून पाठव. गिऱ्हाइकांना बसाला जागा नाय."

सीडीची प्रत मी ठिकठिकाणी जपून ठेवलीय. मूळ सीडी पुन्हा गणपतीमागे गेली. दसऱ्याला आत्याने मशीनला, संगणकाला, कात्रीला कुंकू लावलं आणि मलाही लावलं.

"मी काय अवजार आहे?"

"मंग? शिकलेला हायस."

मग तिने बंद पडलेली जुनी डिस्क पाटावर ठेवली.

"ती कशाला, आत्या? तिच्यातलं सगळं नव्यात आलंय."

"सगला?" तिने विचारलं.

मला सडक्या भागातली ती फाटकी फाइल आठवली. तिने डिस्कवर झेंडूचं फूल ठेवलं आणि पदराच्या टोकाने तिच्यावरची धूळ हळूच पुसली.