लिलावात गेलेले दात

माझ्या तोंडात सध्या एकही दात नाही, आणि दोष शेवयांचा आहे. शेवयांनी दात जातात का, असं कुठल्याही डॉक्टरला विचारलं तर तो हसेल. हसू दे. त्याच्या तोंडात दात आहेत.

माझं नाव मार्था. वय चौऱ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत, पण बोलणं मॅट्रिकच्या पुढचं (असं आमचे हे म्हणायचे, कौतुकाने नव्हे). नाशिकला मुलगा विजय, सून सुनीता आणि नात रूथ यांच्याजवळ राहते. विजय ओझरला विमानाच्या कारखान्यात कामाला आहे. वीस वर्षं तो विमानांना स्क्रू लावतोय, पण आमच्या घरातलं कोणी विमानात बसलेलं नव्हतं.

तर एके दिवशी रूथ कॉलेजातून धावतच आली. चप्पल दारात, पिशवी सोफ्यावर आणि ती माझ्या गळ्यात!

"आजी, माझी निवड झाली! उन्हाळ्यात सहा आठवडे केनियाला! तिथल्या शाळेत मुलांना शिकवायचं, गाणी घ्यायची, येशूच्या गोष्टी सांगायच्या!"

"केनिया म्हणजे कुठं?"

"आफ्रिकेत."

मी खुर्चीतून उठलेच. अहो, माझ्या आजीच्या लहानपणी मिशनरी लोक बोटीने समुद्र ओलांडून आमच्याकडे यायचे. आता आमची पोर उडून दुसऱ्यांकडे जाणार! मी गॅलरीत जाऊन सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं. भाजीवाल्यालाही सांगितलं. त्याने विचारलं, "मग मेथी देऊ का?"

पण मेख पुढेच होती. रूथच्या संस्थेचा नियम असा, की जाणाऱ्या विद्यार्थ्याने खर्चाचा आधार स्वतः उभा करायचा. ओळखीच्यांना पत्रं लिहायची, मदत मागायची. महिनाअखेर रक्कम जमली नाही, तर जागा पुढच्या मुलीला.

रूथने चाळीस पत्रं लिहिली. सुंदर अक्षर, खाली एक फूल काढलेलं. चाळीसही जणांकडून उत्तर आलं, "प्रार्थनेत आठवण ठेवू." प्रार्थना मला मान्य आहे, मी रोज करते. पण विमानाच्या तिकिटाला तिच्यासोबत आणखीही काही लागतं.

"आजी, तू किती देशील?" रूथने लाडात विचारलं.

"एक रुपयासुद्धा नाही," मी म्हणाले. "माझे पैसे दातांचे आहेत."

खोटं नव्हतं. माझे शेवटचे तीन दात डॉक्टरने नुकतेच काढले होते आणि कवळीचे बारा हजार तर आधीच सांगून ठेवले होते. ते मी दोन वर्षं साठवून बाजूला ठेवले होते. हा बारा हजारांचा आकडा मी गल्लीत, चर्चच्या मंडळीत, बसमध्ये, सगळ्यांना ऐकवला होता (डॉक्टर कसा लुटतो ते सांगण्यासाठी). तो आकडा लक्षात ठेवा. लीलाबाईने ठेवला होता.

मग मी रूथला घेऊन लासलगावला गेले, माझ्या धाकट्या भावाकडे. योहान तिथल्या कांद्याच्या बाजारात जन्मभर लिलाव पुकारायचा. आता घरी असतो, पण आवाज अजून बाजारातच आहे.

"आक्का, रोख तर काही नाही," तो ओरडला (शेजारी बसून!). "पण दोन गोणी कांदे ने!"

पुढे सगळीकडे तेच. कोणी द्राक्षांची पेटी दिली, कोणी पापड दिले, कोणी विणलेले रुमाल. आमच्या माणसांची एक खोड आहे. रोकड मागा, खिसा सापडत नाही. वस्तू मागा, घर उचलून देतात. घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही आणि विजय कांद्याच्या गोणीवर बसून जेवू लागला.

"आई, पोरीला केनियाला पाठवायचंय की आपण दुकान काढतोय?" तो म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लिलाव!

आमच्या मंडळीत कापणीच्या सणाला लिलाव असतो. लोक शेतातलं, घरातलं जे काही देवाला अर्पण म्हणून आणतात, ते उपासना झाली की चर्चच्या अंगणात बोली लावून विकतात. तिथे भाव बाजाराचा नसतो, उत्साहाचा असतो. एक लिंबू दोनशेला गेलेलं मी पाहिलंय. पाळकसाहेबांना विचारलं, तर तेही खूश. "रविवारी उपासनेनंतर घ्या. आणि पुकारायला तुमच्या भावाला बोलवा, माइकचं भाडं वाचेल."

आता लीलाबाईचं सांगते. ती आमच्याच मंडळीतली, माझ्याच वयाची. काही वर्षांपूर्वी कापणीच्या सणाला तिची कोंबडी तिच्या मागेमागे चालत चर्चला आली आणि वस्तूंच्या ढिगात जाऊन बसली. योहानने उचलली आणि पुकारा सुरू! लीलाबाई ओरडली, "अहो, ही अर्पणाची नाही! स्वतःच्या पायांनी आलीय!" तेव्हा महिला मंडळाची अध्यक्ष मी होते. उभी राहून म्हणाले, "देवाच्या अंगणात आलं ते देवाचं! परत पाहिजे असेल तर बोली लाव." लीलाबाईला स्वतःची कोंबडी विकत घ्यावी लागली. तेव्हापासून माझ्याशी ती फक्त ईस्टरला आणि नाताळला बोलते.

लिलावासाठी मी माझ्या हातच्या शेवया देणार होते. माझ्याकडे दोन सारखे स्टीलचे डबे आहेत, लग्नातले. एकाच्या झाकणाला पोचा आहे. दोन्हींत शेवया होत्या. फरक एवढाच, की पोचा पडलेल्या डब्यात शेवयांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत रूथचा पासपोर्ट होता.

हसू नका. चोर कपाट उघडतो, ट्रंक फोडतो, शेवया उपसत बसत नाही. रूथचा पासपोर्ट आला त्याच दिवशी मी तो तिच्या हातातून काढून घेतला होता. "आजकालच्या पोरी कानातलंसुद्धा रोज हरवतात. हा माझ्याकडे राहील." महिला मंडळातही मी हे ठासून सांगितलं होतं, की घरात एक तरी जबाबदार माणूस लागतं.

रविवारी सकाळी सुनीता म्हणाली, "आई, डबा मी घेते. तुम्ही पुढे चला."

"नको. तू चुकीचा उचलशील," मी म्हणाले, आणि डबा स्वतः उचलला.

लिलाव असा रंगला म्हणून सांगू! अंगण भरलेलं, पोरं झाडावर, योहान टेबलावर. कांदे गेले, द्राक्षं गेली. लीलाबाईने या खेपेला कोंबडी आणली होती, पण पाय बांधून आणि "अर्पण" अशी चिठ्ठी गळ्यात अडकवून. सुनीता वहीत लिहून घेत होती. रूथ आतल्या खोलीत लहान मुलांना गाणं शिकवत होती. मीही टाळ्या वाजवत होते. आणि योहानने डबा वर धरला.

"आमच्या आक्काच्या हातच्या शेवया! बोला, दोनशेपासून!"

झाकणावर ऊन पडलं. उन्हात पोचा चमकला.

अंगणभर लोक, समोर पाळकसाहेब, आणि केनिया त्या डब्याच्या तळाशी! मी टेबलाजवळ गेले आणि योहानच्या कानाशी लागले, "हा डबा बाजूला ठेव. मला परत पाहिजे."

योहानला कुजबुज म्हणजे काय ते ठाऊक नाही. "आक्का म्हणतेय, डबा परत पाहिजे!" ते वाक्य गेटबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू गेलं.

पहिल्या रांगेतून लीलाबाई उठली. इतक्या वर्षांत इतकी तरतरीत मी तिला पाहिली नव्हती.

"मार्थाबाई! देवाच्या अंगणात आलं ते कुणाचं?"

सगळे हसले. पाळकसाहेबसुद्धा.

आत पासपोर्ट आहे, एवढं सांगितलं असतं तर संपलं असतं. चौथी शिकलेल्या बाईलाही एवढं कळतं. पण मग ते जबाबदार माणूस कोण, हेही सांगावं लागलं असतं. आणि लीलाबाई उभीच होती.

"तीनशे!" मी म्हणाले.

"पाचशे!" लीलाबाई.

"लीलाबाई, तुला शुगर आहे! शेवया काय करणार?"

"बघत बसेन! हजार!"

"दोन हजार!"

मग कुजबुज सुरू झाली. मार्थाबाई, जी अर्पणाच्या थाळीत नाणं टाकतानाही त्याचा निरोप घेते, ती स्वतःच्या शेवयांना दोन हजार देतेय? नक्की आत काहीतरी आहे! मागून कोणीतरी अडीच म्हटलं. झाडावरून एक पोरगं तीन म्हणालं, त्याच्या आईने त्याला पाय धरून खाली ओढलं. योहानला तर जुने दिवस आठवले. तो टेबलावर नाचू लागला.

"साडेतीन! अरे, कांद्याला कधी हा भाव आला नाही! चार! आक्का, मागे हटू नको!"

"तू गप बस, मेल्या! पाच हजार!"

"सहा!" लीलाबाई.

"आठ!"

"नऊ!"

सुनीता वही सोडून डोळे पुसू लागली. "आई, तुमचं मन इतकं मोठं असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं!" मन कसलं डोंबलाचं? समोर लीलाबाई होती!

"दहा हजार!" माझा आवाज चिरकला.

लीलाबाईने पदर सारखा केला, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि सावकाश म्हणाली, "साडेअकरा."

आता कळलं का, आकडा लक्षात ठेवा असं का म्हणाले?

मी डोळे मिटले. बिनदाताच्या तोंडाने जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडले, "बारा हजार!"

लीलाबाई खाली बसली. पर्समधून बडीशेप काढली आणि शेजारणीला दिली.

"बारा हजार एक वार! दोन वार! तीन वार!" योहानने टेबलावर असा पाय आपटला की कोंबडीची चिठ्ठी उडाली.

मी डबा हिसकावला, झाकण फेकलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. शेवया उडाल्या माझ्या केसांत, पाळकसाहेबांच्या झग्यावर, जमिनीवर. हाताला तळ लागला. पिशवी नाही. डबा उलटा केला. ठोकला. काही नाही!

"पासपोर्ट!" मी बोंब मारली. "माझ्या पोरीचा पासपोर्ट गेला!"

गाणं थांबलं. आतून रूथ धावत आली, मागे पंधरा पोरं.

"काय झालं, आजी?"

"अगं, यात तुझा पासपोर्ट होता! शेवयांच्या खाली!"

"तो ना?" तिने खांद्यावरची पर्स उघडून पासपोर्ट काढला. "हा काय. परवा झेरॉक्स काढायला घेतला, मग माझ्याकडेच ठेवला."

"मला न विचारता? तुला कसं कळलं मी कुठं ठेवलाय?"

"आजी, तू सगळं शेवयांतच लपवतेस. घरात सगळ्यांना माहितेय." मग हळूच म्हणाली, "सांगितलं नाही, कारण तू ओरडली असतीस."

त्यानंतर जे हसणं सुरू झालं ते मी लिहीत नाही. पाळकसाहेबांना खुर्ची द्यावी लागली. लीलाबाई बडीशेप घशात अडकून खोकत होती, आणि मी तिच्या पाठीवर थोपटलं, जरा जोरातच.

मी योहानला म्हणाले, "झालं ते झालं. बोली रद्द कर."

त्याने तोंड उघडण्याआधीच अंगणभर माणसांनी एका सुरात उत्तर दिलं, "देवाच्या अंगणात आलं ते देवाचं!"

खाली बघितलं, तर बांधलेली कोंबडी सरपटत येऊन सांडलेल्या शेवया टिपत होती. दर घासाला निदान शंभर रुपये!

सुनीताने वही बघितली, परत बघितली, आणि किंचाळली, "जमलं! रूथचं सगळं जमलं! आईंच्या बोलीने भरलं!" रूथने मला उचललंच (वजन पासष्ट किलो!). अंगणात टाळ्या, योहानची आरोळी, पोरांचं गाणं. आणि खरं सांगते, मीही त्यात नाचले. दात गेले होते, पाय तर शाबूत होते.

रूथ मे महिन्यात गेली. विमान उडाल्यावर विजय आकाशाकडे बघून म्हणाला, "स्क्रू नीट बसवलेले असू देत," आणि मग रडला. मी रडले नाही. कुणीतरी रिक्षा बघायला हवी होती.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे वर्गभर मुलं. पुढे एक सहा वर्षांचा, त्याचेही पुढचे दात पडलेले. मला बघून तो इतका खूश झाला, की बोट दाखवून काहीतरी विचारू लागला.

"आजी, तो विचारतोय, तुझे दात कधी येणार?"

"त्याला सांग, तुझे येतील तेव्हा. माझे तुझ्या मास्तरणीला तिथे सोडायला गेलेत."

कॉल संपला. सुनीताने त्या दिवशी कोंबडीच्या तावडीतून वाचलेल्या शेवयांची खीर वाटीत आणली आणि विचारलं, "आई, दूध जास्त घालू? चावायला त्रास नको."

"घाल," मी म्हणाले. "आणि चमचा छोटा दे. बारा हजारांच्या शेवया आहेत, चावून संपवायच्या नाहीत."