आधी दुसऱ्याची बाजू

बिबवेवाडीत माझी थोरली बहीण ज्या सोसायटीत राहते तिथं गेल्या सहा वर्षांत एकही भांडण तडीस गेलेलं नाही, आणि याला सर्वस्वी तीच जबाबदार आहे. ताई पोलीस इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाली. नोकरीत असताना एक वर्ष ती संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर आफ्रिकेतल्या एका देशात होती. हातात शस्त्र नाही, नुसती वही. तिथली निळी टोपी घालून ती आता भाजीला जाते. सकाळी सहाला सोसायटीभोवती तिची पायी गस्त असते. फोनवर ‘कशी आहेस’ विचारलं तर चारचौघांसारखं ‘बरी आहे’ म्हणत नाही. ‘परिस्थिती शांत, पण नाजूक,’ असा अहवाल देते.

तिच्याकडे भांडण नेलं तर नियम एकच. आधी दुसऱ्याची बाजू सांगायची, तीही ‘मी’ म्हणून, आणि समोरचा ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत सांगत राहायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशांच्या कुंड्यांचं पाणी खाली शेखसाहेबांच्या स्कूटरवर गळायचं. जोशांना शेख होऊन बोलायला लावलं. “रोज ओल्या सीटवर बसून ऑफिसला जातो. लोक काय समजत असतील?” इथपर्यंत ठीक होतं. पण जोशी असे रंगले, की ‘शिवाय हा जोशी जिन्यात चपला ठेवतो’ ही शेखसाहेबांना न सुचलेली तक्रारही त्यांनी स्वतःविरुद्ध करून टाकली. शेखसाहेब जोशी होऊन एवढंच म्हणाले, “गुलाबाला पाणी घातल्याशिवाय मला घरात चहा मिळत नाही.” कुंड्या आता आतल्या बाजूला आहेत.

ताईची दुसरी खोड म्हणजे कुठंही गेली की आधी बायकांत जाऊन बसायचं. माझ्या मुलीच्या लग्नात नवऱ्यामुलाचे काका रुसले. आम्ही पुरुषमाणसं तासभर मानपानाची चर्चा करत होतो. ताई आत गेली, काकूंशेजारी बसून दोन गजरे बांधले आणि बाहेर येऊन म्हणाली, “नवा बूट चावतोय त्यांना. चपला द्या.” काका जेवायला आले. “बायकांना सगळं ठाऊक असतं,” ताई म्हणाली, “त्यांना विचारायचं कुणाला सुचत नाही, एवढंच.”

हे सगळं मी नेहमी रंगवून सांगतो. एक गोष्ट मात्र आजवर सांगितली नाही. ताई परत आल्यावर दोन वर्षांनी तिला पुन्हा तिकडचं बोलावणं आलं. त्याच सुमारास आमच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. आई माझ्याकडे, सदाशिव पेठेत. डॉक्टर म्हणाले होते, दोन महिन्यांत काठी घेऊन चालतील. मी ताईला सांगितलं, डॉक्टर काही खात्री देत नाहीत. ताईनं नाव मागं घेतलं आणि आईजवळ राहायला आली. सातव्या आठवड्यात आई काठी टेकत कसबा गणपतीला जाऊन आली. ‘ताईच्या सेवेचं फळ,’ असं मीच सगळ्यांना सांगत सुटलो. ताईला पुढं बोलावणं आलं नाही; वयही उलटून गेलं.

गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर एका रविवारी ताईच्या स्वयंपाकघरात बसून मी डॉक्टरांचं खरं म्हणणं एकदाचं सांगून टाकलं. ताईनं गॅस बंद केला. समोर बसली.

“आधी तुझी बाजू मी सांगते,” म्हणाली. “मी एकटा पडलोय. बायकोची नोकरी, मुलीची बारावी. आईला धरून उठवताना ती पडेल अशी भीती वाटते. आणि ही ताई पुन्हा जगभर मिरवणार, मी मात्र आईला भांडं धरणार.”

शेवटचं वाक्य मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो. “हो, हेच,” मी म्हणालो.

“आता माझी सांग.”

“मला पुन्हा जायचं होतं,” एवढं म्हणून मी थांबलो. पुढचं मला ठाऊकच नव्हतं. ती तिथं वर्षभर काय करत होती, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. घरी आली तेव्हा विचारलं होतं ते जेवणाचं आणि हवेचं.

दुसऱ्या दिवशी फोन करून परिस्थिती विचारली. अहवाल आला नाही. “रविवारी ये,” एवढंच म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी मी तिच्याकडे जातो, विचारतो आणि ऐकतो. तिथल्या निर्वासितांच्या छावणीतल्या बायका जळणासाठी रानात जायच्या आणि वाटेत त्यांच्यावर हल्ले व्हायचे. कुठल्या वाटेवर, केव्हा, हे त्या पुरुष अधिकाऱ्यांना सांगत नसत. ताई आणि तिच्याबरोबरच्या तिघी रोज त्यांच्यासोबत चालत गेल्या, मोळ्या बांधू लागल्या. तेव्हा कुठं त्या बोलल्या, आणि गस्तीची वाट बदलली. निघताना त्यांतल्या एकीनं दुभाष्यामार्फत विचारलं होतं, पावसानंतर येशील ना?

मागच्या रविवारी मी पुन्हा ताईची बाजू सांगायला बसलो. जळण, वाट, मोळ्या, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “मी तिला येते म्हणाले होते. मी गेले नाही. तिला वाटलं असेल, मी विसरले.”

ताईनं टेबलावरची वही सरळ केली. मग हळूच “हो, हेच,” म्हणाली. उठली, टोपी घातली, पिशवी माझ्या हातात दिली आणि आम्ही भाजीला निघालो. तिकडे त्यानंतर किती पावसाळे होऊन गेले, हे मात्र वाटेत मला विचारवलं नाही.