वन्संच्या बिनपायांच्या बायका

आमच्या वन्सं बायकांना पाय काढत नसत. बाकी सगळं काढायच्या. मिटलेले डोळे, ओंजळीत चंद्र, आणि केस इतके लांब की पुढे त्यांनाच ज्वारीची कणसं फुटायची. खाली मात्र नुसता धूर. मी साखऱ्याला नवी नवरी होऊन आले तेव्हा विचारलं, "वन्सं, यांना पाय काहून न्हाईत?" म्हणाल्या, "पाय दिसले की कोणीबी कामाला धाडतंय."

माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. किराण्याच्या पुड्यांचे कागद गरम तांब्या फिरवून सपाट करायच्या आणि त्यांवर शिसपेन्सिलीनं या बायका काढायच्या. "दुपारी डोळा लागला की येतात," म्हणायच्या. "बोलत न्हाईत. बऱ्या हायेत."

सासूबाईंनी त्यातली एक भिंतीचा पोपडा झाकायला ओसरीवर चिकटवली. नरसीचे एक बिजवर पाहुणे बैल बघायला आले आणि बैल सोडून तिच्याकडेच बघत बसले. पोरगी कोणाची, असं त्यांनी विचारलं. विधवा लेक चित्रं काढते हे सांगायची लाज, म्हणून सासूबाई बोलून गेल्या, "माझ्या भावाची."

पुढच्या आठवड्यात पाहुणे आईला घेऊन, नारळासकट मुलगी बघायला हजर.

"ती झोपली हाय," सासूबाई म्हणाल्या.

"झोपू द्या. आमी थांबतो," म्हातारी म्हणाली, आणि खरंच दिवस कलेपर्यंत थांबली. दोनदा जेवली.

शेवटी हेच वैतागले. "अशी पोरगी न्हाईच. माझ्या बहिणीनं काढलेली हाय."

पाहुण्यांनी जरा विचार केला. "मंग काढणारीलाच विचारा."

आमच्यात विधवेचा पाट लावत नसत. हे उठले, भिंतीवरचं चित्र ओरबाडलं आणि चुलीत घातलं. तेवढ्यात वन्सं स्वतःच बाहेर आल्या, परक्या माणसांपुढे पहिल्यांदा.

"दुपारी मी पडते," त्या म्हणाल्या. "त्या वक्ताला हाक मारायची न्हाई. चालंल?"

"आमच्याकडं समदेच पडतात," पाहुणे म्हणाले.

"मी घोरते," म्हातारीनं आधीच सांगून ठेवलं.

वन्सं त्यांच्याबरोबर नरसीला नांदायला गेल्या. यांनी घरात त्यांचं नाव काढायचं बंद केलं. निजामाचं राज्य गेलं त्या साली वन्संना मुलगी झाली. मी बाजाराचं निमित्त करून नरसीला गेले. लेकरू माझ्या मांडीवर देत वन्सं नवलानं म्हणाल्या, "मला काहीच काढावं लागलं न्हाई गं. समदं आपोआप आलं."

परतले तेव्हा हे ओसरीवर होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लेकरू कोणावर गेलंय?"

"तुमच्यावर," मी म्हणाले.

हे बैलांना वैरण टाकायला म्हणून उठले. बैलांपुढे वैरण होतीच. तरी बराच वेळ आत आले नाहीत.