तात्यांची मापाची काठी

तात्या गेल्याचा फोन त्यांच्या सुनेने केला. "वकीलसाहेब, सकाळी गेले तात्या. येता ना?" मी हो म्हणालो आणि गाडीची किल्ली हातात असूनही किल्लीच शोधत घरभर फिरलो. दीड महिना झाला, अजून मला एका जागी बसवत नाही.

पिंपळगावच्या अलीकडे, आग्रा रोडला लागून त्यांचं गाव. रस्ता चौपदरी झाला की घरं एका बाजूला आणि द्राक्षबागा, स्मशान दुसऱ्या बाजूला पडणार होती. तात्या गंगापूर रोडवरच्या माझ्या ऑफिसात आले ते वेळूची लांब काठी घेऊनच. खुर्चीला टेकलेही नाहीत. काठी उभी धरून म्हणाले, "क्रेट भरलेली ट्रॉली एवढी उंच होते. रस्त्याखालून एवढी वाट पायजे. लांबून फिरवला तर माल लय हादरतो, मणी गळतात. ही काठीच कोर्टाला दाखवा."

मी हसलो. कोर्टात काठी नाही, कागद चालतो, असं ऐटीत सांगितलं. कागद मीच लिहिला. तारखांवर तारखा पडत होत्या, तिकडे भराव सुरू झाला होता. शाळेच्या मुलांचा मुद्दा लवकर मानला जाईल म्हणून मी 'पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग' मागितला. ट्रॉलीचं नंतर बघू, म्हटलं. तात्यांनी न वाचता सही केली... माझ्यावर विश्वास होता ना! मागणी जशीच्या तशी मंजूर झाली आणि मी पेढे वाटले.

बोगदा झाला तेव्हा तात्यांनी काठी उभी धरून आत न्यायला घेतली. ती तोंडाशीच अडली. वाटलं, आता शिव्या घालतील. ते एवढंच म्हणाले, "माणसं तर जातील ना? मग बरं हाय." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. दुसरा अर्ज केला, तर मागितलं ते दिलंय म्हणून तो फेटाळला. तरी तात्या येत राहिले. माझ्या टेबलासमोर येरझाऱ्या घालत विचारायचे, "तारीख कधी?" शेवटच्या खेपेला काठी दाराआड ठेवून गेले. "पुढल्या तारखेला लागंल."

मुलाने तिरडी त्यांच्याच ट्रॉलीवर ठेवली होती. ती ट्रॉली बोगद्यापाशी थांबवावी लागली. तिथून खांद्यावर घेतलं, मीही खांदा दिला. आत शिरताना सगळ्यांनी माना खाली घातल्या, खरं तर तेवढी गरज नव्हती. तात्या आडवे होते, मावले.

परवा कारकुनाने झाडताना काठी हलवली, तर मी त्याच्यावर केवढ्यांदा ओरडलो. त्या खटल्याला आता पुढची तारीख नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. त्याने ती परत दाराआड ठेवली.